आईंच्या मापाच्या पायऱ्या

१

तुम्ही कधी नवीकोरी पायरी झिजलेली पाहिली आहे का?

जुनी म्हणत नाही मी. जुन्या पायऱ्या झिजतातच, त्यात नवल काय. मी म्हणते ती पायरी नुकती बांधलेली, सांध्यांतल्या सिमेंटचा ओला रंगही अजून न उडालेली, आणि मुख्य म्हणजे जिच्यावर एकाही माणसाने पाय ठेवलेला नाही अशी. मी पाहिली. आमच्याच घराच्या मागच्या दाराला. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या चष्म्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. मला त्याची सवय आहे. आमच्या घरात माझं वाक्य संपेपर्यंत कोणी थांबलंय असं फारसं झालेलं नाही.

घर आम्ही घेतलं ते जुनंच, पण भक्कम. उंच जोत्यावर बांधलेलं. मागच्या खोलीला एक दार आहे आणि ते अंगणात उघडतं. उघडतं म्हणजे नुसतंच उघडतं. बाहेर पाय ठेवायला काही नव्हतं. कडी काढली की समोर हवा आणि कमरेइतकं खाली अंगणाची माती. आधीच्या लोकांनी त्या दाराला आतून कपाट टेकवून ठेवलं होतं आणि तसेच वर्षानुवर्षं राहिले होते.

"अक्कल बघ लोकांची," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. "दार बसवायची हौस होती, चार विटा रचायचं डोकं नव्हतं."

ती खोली आम्ही सासूबाईंना दिली, कारण बाथरूम तिथून जवळ पडतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून चालतात. उजवा पाय पुढे टाकायचा, त्यावर भार द्यायचा, मग डावा त्याच्यामागून ओढून आणायचा. ठप, आणि मग घस. घरात कुठेही असले तरी मला त्या आवाजावरून कळायचं, आई आता कुठे पोचल्या ते.

डॉक्टर म्हणाले, यांना रोज सकाळचं ऊन मिळालं पाहिजे. पुढच्या बाजूला समोरच्या इमारतीची सावली. ऊन सगळं मागच्या अंगणात. म्हणून पायऱ्या.

मला त्या मनापासून हव्या होत्या. सासूबाई दिवसेंदिवस पिवळट पडत चालल्या होत्या, हाताची कातडी पातळ कागदासारखी झाली होती. त्या माझ्याशी कशा वागल्या ते सोडा. एका छताखाली इतकी वर्षं काढल्यावर माणूस आपलंच होतं, उठता बसता नाक मुरडणारं असलं तरी. त्यांनी पुन्हा उन्हात बसावं, आणि तिथे बसून मला नावं ठेवावीत, एवढीच माझी इच्छा होती.

२

आधी गवंड्याला बोलावलं. तो आला, दार उघडून खाली वाकून बघितलं, खिशातून टेप काढला आणि न मोजताच परत ठेवला.

"साधं काम आहे साहेब. चार पायऱ्या येतील. दोन दिवसांत उडवतो."

"उडवतो म्हणजे? पतंग आहे का?" हे म्हणाले. "पायरीची उंची किती धरणार?"

"धरतो ना नेहमीची."

"नेहमीची कोणाची? तुमच्या नेहमीची की माझ्या आईच्या नेहमीची?"

गवंड्याने माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीकडे बघत राहिले.

ह्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. मोबाइलवर बघून बघून ह्यांना आता जगातलं कुठलंही बांधकाम येत होतं. त्यांनी सासूबाईंना भिंतीशी उभं केलं, वॉकर घट्ट धरायला लावला आणि म्हणाले, "आई, पाय जमेल तेवढा उचल." सासूबाईंनी उजवा पाय उचलला. अगदी थोडासा उचलला. ह्यांनी तळव्याखाली भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली.

"ही आपली पायरी," हे म्हणाले. "एवढीच उंच, एका केसानेही जास्त नाही. आणि पाऊल ठेवायची जागा आईच्या दोन्ही पायांना मावेल एवढी."

गवंड्याने रेघ बघितली आणि त्याला हसू आवरेना.

"एवढी बुटकी? साहेब, मग पायऱ्या जातील पार कुंपणापर्यंत. माणसं चढवायची आहेत की कासवं?"

"मी कासव का रे?" सासूबाई म्हणाल्या. "तुझं तोंड बघ आधी. विटेला वीट लावता येत नसेल आणि दात काढतोय."

तो गेला. जाता जाता फाटकाशी मला म्हणाला, "वहिनी, करू द्या साहेबांना. पडल्या की मला फोन करा."

ह्यांनी ते ऐकलं. त्यानंतर दुसरा गवंडी बोलावायचा प्रश्नच उरला नाही.

३

खरं ते सांगायला हवं. ह्यांनी काम वाईट केलं नाही.

सुट्ट्यांच्या दिवशी आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत हे अंगणात असायचे. माती खणली, खडी घालून ठोकली, वर काँक्रीटचा थर टाकला. विटा ड्रममध्ये बुडवून ठेवायचं काम माझं. कोरडी वीट सिमेंटचं पाणी शोषून घेते, म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत ती पाण्यात ठेवायची. मला ते बुडबुडे बघायला आवडायचं. हे दोरी बांधायचे, लेव्हल लावायचे, थापीने माल पसरायचे, वीट बसवायचे आणि थापीच्या मुठीने ठोकायचे. वरच्या थराच्या विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावल्या, म्हणजे झिजत नाहीत असं त्यांनी कुठेतरी बघितलं होतं.

सासूबाई उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा.

"अरे, वाकडी लावलीस."

"आई, लेव्हल बघ. बुडबुडा मधोमध आहे."

"बुडबुडा वाकडा असेल. तुझ्या बापाने एक खिळा कधी सरळ ठोकला नाही, तू काय पायऱ्या बांधणार. आणि तू गं, तिथे काय उभी आहेस खांबासारखी? वीट दे त्याला. ती नाही, ओली दे."

"ओलीच आहे आई."

"मला शिकवतेस?"

पायऱ्या झाल्या. लांब, बुटक्या, रुंद, दारापासून हळूहळू उतरत अर्ध्या अंगणापर्यंत गेलेल्या. दिसायला जराशा विचित्रच, एखाद्या मोठ्या जनावराने जीभ बाहेर टाकावी तशा. पण चढायला इतक्या सोप्या, की लहान बाळसुद्धा रांगत चढलं असतं. हे मागे सरून कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"आता पाणी मारायचं," मला म्हणाले. "ओली पोती अंथरून ठेव. सकाळ संध्याकाळ भिजव. आणि मी सांगेपर्यंत एकानेही पाय ठेवायचा नाही. तू विसरशील, म्हणून दाराला कडी घालून ठेवतो."

मी विसरले नाही. मी पुढच्या दाराने वळसा घालून अंगणात जायची, नळाला पाइप लावायची, लांबूनच पोती भिजवायची आणि वळसा घालून परत यायची. कोणी पाय ठेवला नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

४

एकदा सकाळी सगळ्यात खालच्या पायरीवरचं पोतं मला जरा खोलगट दिसलं. इतर पोती सपाट, आणि हे मधोमध बसलेलं, पाणी साचलेलं. वाटलं, घडी पडली असेल. मी ते उचललं.

खाली विटांची कड झिजलेली होती. फुटलेली नव्हे, टवकाही उडालेला नव्हता. जुन्या सरकारी इमारतींच्या जिन्याची पायरी असते ना, हजारो पावलांनी गुळगुळीत झालेली, तशी. एक खळगा, उजवीकडे. त्याच्या डावीकडे एक उथळ, लांबट ओरखडा. मी बोट फिरवलं. साबणाच्या वडीसारखं मऊ लागलं.

संध्याकाळी ह्यांना दाखवलं.

"पाइप किती जवळ धरतेस?"

"लांबच धरते."

"मग हे काय आपोआप झालं? पाण्याचा झोत एका जागी धरून गप्पा मारत बसली असशील. साधं पाणी मारायला सांगितलं तर तेही जमत नाही."

"गप्पा कोणाशी मारणार अहो, अंगणात?"

"तेच तर. कोणी नसतं तरी तुझं लक्ष नसतं."

मी विचार केला, असेलही. पाण्याने दगड झिजतो म्हणतात, मग वीट का नाही. ताज्या सिमेंटचं मला काय कळतंय. पण पाणी मारायचं तर पाइप मी हलवतच असते. आणि पाण्याला उजवं डावं कसं कळेल? हे मी त्यांना विचारलं नाही. रात्रीची भांडी घासताना मी स्वतःलाच विचारलं, आणि स्वतःवरच हसले, अगदी ह्यांच्यासारखं.

५

दुपारी आमच्या गल्लीत शांत असतं. हे कामावर, भांडी आवरलेली, सासूबाई बंद दाराशी खुर्चीत पाय स्टुलावर टाकून पेंगत असतात. मी स्वयंपाकघरात शिवण घेऊन बसते.

"अगं ए," त्या ओरडल्या. "बाहेर कोण धडपडतंय बघ जरा."

मी गेले. मलाही आता ऐकू येत होतं. दाराच्या पलीकडे, खाली, ओल्या पोत्यावर काहीतरी पडल्याचा आवाज. मग काही नाही. मग पुन्हा थप्प, आणि घसरल्यासारखं काहीतरी.

"मांजर असेल."

"मांजर एवढं बावळट नसतं. मघापासून ऐकतेय मी. एक पायरी चढतं आणि पडतं. पुन्हा तेच."

मी कडी काढली. बाहेर रखरखीत ऊन. पोती भिजलेली, गडद, आपापल्या जागी. अंगणाची माती कोरडी, तिच्यावर एकही ठसा नाही. फक्त खालच्या दोन पोत्यांना मधोमध खळगा पडला होता आणि त्यातलं पाणी अजून हलत होतं.

"दिसलं?"

"काही नाही आई."

"तुला कधी काय दिसलंय. लाव दार."

दार लावून मी वळले नाही तोच पुन्हा थप्प. सासूबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या ओठांवर ते ओळखीचं हसू आलं. घरात नवीन आले होते तेव्हा माझ्या हातून दूध उतू गेलं की त्या असंच हसायच्या.

"अगं, आधी उजवा," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "दोन्ही एकदम काय उचलतेस? उजवा टाक. टेक त्याच्यावर. आता डावा ओढ. ओढ म्हणते मी. एवढंही कळत नाही? कुठल्या घरातून आलीस गं तू?"

बाहेर थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकदाच, सावकाश, आवाज आला. ठप. आणि बऱ्याच वेळाने, घस.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "आता कसं."

६

मला तेव्हाच त्यांना गप्प करायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. पण सासूबाईंना गप्प करणं मला कधी जमलं होतं? आणि खरं म्हणजे त्या दुपारी त्यांच्या गालांवर बऱ्याच दिवसांनी रंग आला होता. कोणाला तरी टोचून बोलायला मिळालं की त्यांना बरं वाटायचं. मी इतकी वर्षं ते औषध पुरवत आले होते, आता त्यांना दुसरं कोणीतरी मिळालं होतं.

रोज दुपारी त्यांचं ते सुरू झालं. मी स्वयंपाकघरात सुई धरून बसायची आणि बोळातून त्यांचा आवाज यायचा. "आळशी मेली. काल इथपर्यंत आली होतीस ना? मग आज काय झालं? खांदा पाड. माझ्यासारखा पाड. अशी ताठ चाललीस तर तोंडावर आपटशील." मग थांबायच्या, ऐकायच्या, आणि तिरस्काराने जीभ टाळ्याला लावून च्यक् करायच्या.

सकाळी मी पोती उचलून बघायची. झीज वर सरकत होती. जी पायरी काल चांगली होती, ती आज खळगा पडलेली. प्रत्येक पायरीवर उजवीकडे खळगा आणि डावीकडे ओरखडा. वरवरच्या पायऱ्यांवरचे ओरखडे जास्त सरळ होते, जास्त नेटके. सराव झालेल्या हाताचे असावेत तसे.

आणि मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात बसले असताना ठप घस, ठप घस असा आवाज आला. नेहमीचाच. मी मान वर न करता म्हटलं, "आई, बाथरूमचा दिवा लावून ठेवलाय हं."

उत्तर आलं नाही. सासूबाई उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. निदान "मी आंधळी नाही" एवढं तरी म्हणतात. मी उठून गेले.

त्या खुर्चीत होत्या. पाय स्टुलावर, वॉकर भिंतीशी. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी दाराकडे खूण केली.

ठप. घस.

दाराच्या पलीकडे, अगदी जवळ. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय स्टुलावर होते, मोज्यांत, जराही न हलणारे.

"जमलं बघ तिला," सासूबाई कुजबुजल्या. "तुझ्यापेक्षा लवकर शिकली."

७

मी त्यांना म्हटलं, आई, आपण तुमचा पलंग पुढच्या खोलीत घेऊ. म्हणाल्या, "आणि तुझा टीव्ही ऐकत मरू?" मी म्हटलं, मग निदान तिच्याशी बोलू नका. म्हणाल्या, "का, तुला जळायला होतंय?"

मी ह्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, क्रमाने, घाबरल्याचं न दाखवता. ह्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"आईचं वय झालंय, ती स्वतःशी बोलते. तुला काय झालंय?"

"पायऱ्या तरी बघा. जवळजवळ वरपर्यंत झिजल्यात."

ते बघायला गेले. बॅटरीच्या उजेडात खाली वाकून त्यांनी खळग्यांवर अंगठा फिरवला. मला वाटलं, आता तरी.

"भट्टीत कच्च्या राहिलेल्या विटा दिल्या चोराने," ते म्हणाले. "वापरून वापरून झिजल्या असत्या तर सारख्या झिजल्या असत्या. ह्या बघ, एकाच बाजूला. म्हणजे मालच खराब. उद्या जाऊन त्याची खरडपट्टी काढतो."

"अहो, पण त्या झिजल्यात त्या आईंच्या पावलासारख्या."

"असणारच. आईच्या मापाने बांधल्यात," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला फोन केला. म्हटलं, वरच्या एक दोन पायऱ्या फोडून द्याल का, ह्यांना न सांगता. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"वहिनी, साहेबांची कलाकृती मी कशाला फोडू? ठेवा तशीच. लोकांना दाखवायला होईल."

मी स्वतः हातोडा घेऊन गेले. पहिल्यांदाच त्या पायऱ्यांवर पाय ठेवून चढले आणि वरच्या पायरीपुढे उभी राहिले. दुपारचं ऊन होतं, आत सासूबाई बोलत होत्या आणि मला त्यांचं बोलणं दारातून ऐकू येत होतं. "आता एकच उरली. आता काय घाबरायचं? ती तिथे उभी आहे ना, तिला कोण घाबरतं? तिच्याकडे बघूसुद्धा नकोस."

माझ्या हातून हातोडा उचलला गेला नाही. माझ्या मागे, अगदी खालच्या पोत्यावर, पाणी चुबुककन वाजलं होतं. मी वळून बघितलं नाही. कडेने मातीत उडी मारली आणि वळसा घालून घरात आले. पुढच्या दाराची कडी मी का लावली, ते मला माहीत नाही. जे काही होतं ते तर मागच्या बाजूला होतं.

८

सुट्टीच्या दिवशी सकाळी ह्यांनी पोती काढून टाकली आणि दार सताड उघडलं.

"चल आई. उद्घाटन."

"मी नको म्हणते," मी म्हटलं. "विटा कच्च्या आहेत असं तुम्हीच म्हणालात. बदलून घेऊ आणि मग नेऊ."

"तुला आई खोलीत सडलेली चालेल, पण उन्हात बसलेली चालणार नाही, असंच ना?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी नवा निळा गाऊन घातला होता, ह्यांच्या बहिणीने पाठवलेला. केस मी विंचरून दिले होते. "तिचं काय ऐकतोस," त्या म्हणाल्या. "तिला विचारून मी कधी पाणी प्यायले नाही."

हे पुढे, वॉकर मध्ये, मी मागे. सासूबाई उतरू लागल्या. प्रत्येक पायरीवर त्यांचा पाय खळग्यात असा बसत होता, जसा जुन्या चपलेत बसावा. ह्यांना केवढा आनंद झाला. "बघितलंस? घसरायची भीतीच नाही."

सासूबाई मात्र अर्ध्यावर थांबल्या. खालच्या खळग्याकडे त्यांनी बघितलं, आणि मग माझ्याकडे. पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं दिसलं. त्या काहीतरी बोलणार होत्या. पण ह्यांनी हात धरून पुढे नेलं.

खाली खुर्ची मांडली होती. त्या बसल्या, वॉकर शेजारी. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं. "डोळ्यांवर येतंय," त्या म्हणाल्या. मी खुर्ची थोडी फिरवली. "आता पाठीवर येतंय." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

तेवढ्यात ह्यांच्या बहिणीचा फोन आला. हे बोलत बोलत पायऱ्या चढून आत गेले, पार पुढच्या खोलीत, पायऱ्यांचं वर्णन करत. सासूबाई म्हणाल्या, "पाणी आण. गार नको."

मी म्हटलं, "हे आले की आणते."

"तोवर मी वाळून जाऊ?"

मी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं, पायऱ्या दिसत नाहीत. भिंत आड येते. दाराशेजारची एक कड तेवढी दिसते. मी माठाऐवजी नळाचं पाणी भरलं, गार नको म्हणून. पेला हातात होता तेव्हा ऐकू आलं.

ठप, घस. ठप, घस. चांगल्या सवयीच्या पावलांनी वर येत होतं.

मला वाटलं, हे त्यांना घेऊन येतायत. मग पुढच्या खोलीतून ह्यांचं हसणं ऐकू आलं, फोनवरचं. मी खिडकीतून बघितलं.

सासूबाई खुर्चीतच होत्या. मान वळवून पायऱ्यांकडे बघत होत्या. कोणीतरी वर चढताना आपण बघतो तशी त्यांची नजर हळूहळू वर सरकत होती. तोंड उघडं होतं आणि त्यातून एक शब्द येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाला नावं ठेवता येत नव्हती. आणि खिडकीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, निळ्या गाऊनचा काठ दाराच्या आत गेला.

पेला कुठे ठेवला मला आठवत नाही. मी बोळातून धावले.

मागच्या खोलीत सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. पाठमोऱ्या, खांदा एका बाजूला पाडून, मांडीवर हात ठेवून. निळा गाऊन. मी त्यांच्या बाजूने दाराशी गेले, त्यांना स्पर्श होणार नाही अशी. बाहेर खुर्ची रिकामी होती. वॉकर तिच्या शेजारी तसाच उभा होता. ऊन खुर्चीवर पडलं होतं. अंगणात, कुंपणापर्यंत, काहीही नव्हतं.

मागून हे आले. त्यांनी पलंगाकडे बघितलं, मग खाली वॉकरकडे, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा मी आमच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

"आई, वॉकरशिवाय चढलीस?"

त्यांनी मान हलवली. हो अशी.

"बघ," हे मला म्हणाले. "आणि तू म्हणे विटा बदलून घेऊ."

९

मी स्वतःला समजावलं. खिडकीतून दिसलं ते आधीचं असेल. मी पळेपर्यंत त्या चढल्या असतील. हाडं कधी कधी एकदम जुळून येतात, डॉक्टरसुद्धा चकित होतात. काचेवर ऊन असलं की एकाचे दोन दिसतात. मी दिवसभर अशी एकेक वीट रचत होते आणि दिवसभर ती ढासळत होती.

कारण त्या बोलल्या नाहीत. दुपारी मी मुद्दाम पलंगावरची चादर तिरकी अंथरली. बोलल्या नाहीत. त्यांच्या औषधाची वेळ मी टळू दिली. माझी वाट बघत बसल्या. पायमोजे बदलताना मी त्यांचे पाय बघितले. सुजलेला घोटा, वाकडी करंगळी, सगळं जसंच्या तसं. तळवे मात्र तापलेल्या विटेसारखे गरम होते.

संध्याकाळी मी भाजीत मूठभर मीठ टाकलं. ह्यांनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. "ही काय भाजी आहे? समुद्र ओतलास का?" मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी आईंकडे बघत होते. मनातल्या मनात म्हणत होते, बोला. कुठल्या घरातून आलीस म्हणा. माझ्या आईला नावं ठेवा. काहीही म्हणा.

त्यांनी सगळी भाजी खाल्ली. सावकाश, घासामागून घास, ताट पुसून. मग हसल्या. ते हसू मी ओळखलं नाही.

मी अंगणात जाऊन वॉकर आत आणला आणि त्यांच्या पलंगाशी ठेवला. खाली, कुंपणाजवळ, अंधार पडायच्या आत मी हळूच हाकही मारली. "आई," म्हटलं. मग थोडं थांबून पुन्हा. हे दारातून म्हणाले, "आई इथे आहे. तू कोणाला बोलावतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या आधी उठल्या, वॉकर न घेता स्वयंपाकघरात आल्या, दोघींचा चहा केला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू बस गं, तू फार दमतेस."